रकाना सात

मस्कतहून फॉर्म आलाय:
शाळेच्या परिसराची लोकसंख्या व आर्थिक स्थिती,
मंगळवारपर्यंत, तीन प्रतींत.
हेडमास्तरांनी तो माझ्या टेबलावर सरकवला,
कारण फीची वही माझ्याकडे असते.

लोकसंख्या.
दिवसाची की रात्रीची, ते विचारलेलं नाही.
दुपारी सिनावात कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
रात्री मजुरांच्या कॅम्पात दिवे लागले
की गाव दुप्पट होतं,
आणि गुरुवारी, उंटांच्या बाजाराला,
मोजायला गेलात तर शिंगं लागतील.
काळा मुखवटा बांधलेल्या बायका
बकरीचे दात बघून पुरुषांना भाव सांगतात,
मग जीप सुरू करून वाळूत निघून जातात.
कुठल्या गावच्या, त्यांनाच ठाऊक.

कॅम्पातल्या एकाचंही मूल आमच्या पटावर नाही.
मुलं आहेत, फोनमध्ये आहेत.
फोनमधली धरायची का,
तळटिपेत काही नाही.

मुख्य व्यवसाय.
शम्सुल हक डिशदाशा शिवतो.
बिन्सी दवाखान्यात रात्रपाळी करते, सकाळी मुलाला सोडून
फाटकापाशीच गाडीत दहा मिनिटं झोपते.
खल्फान बिन नासिर, ज्याच्या इमारतीत शाळा आहे,
त्याचा फलजच्या पाण्यात दीड अथर वाटा:
म्हणजे पाऊण तास पाणी, आजोबांपासूनचं.
मी विचारलं, उत्पन्न किती लिहू?
तो म्हणाला, खजुरीला विचार,
आणि कॉफीचा तिसरा पेला भरला.

उत्पन्न इथे कुणी खरं सांगत नाही,
माझ्यासकट.
पण फी कुठल्या तारखेला येते ते मी बघते.
पाच तारखेला आली तर रस्त्याच्या कंपनीनं पगार केला.
पंचवीसला आली तर कुणाकडून तरी उचल.
एकदा एकानं सगळी फी शंभर बैशांच्या नोटांत आणली,
मोजता मोजता बोटांना पावडरीचा वास आला,
दाढीनंतर लावतात त्या पावडरीचा.
काही न विचारता लिहिलं: केशकर्तन.

रकाना सात. कायमचे रहिवासी.
बस चालवणारे परकारमामा, मूळचे दाभोळचे,
इथे एकवीस वर्षं, दारात उभे होते.
"शून्य लिहा बाई," म्हणाले, "आपण सगळे व्हिसावरचे."
मी पेनानं 0 काढला, गोल, नीट.

त्यांची जुवेरिया, सहावीतली,
टेबलाच्या पलीकडून फॉर्म उलटा वाचत होती.
"शून्य कसं? आमची मिश्मिश आहे ना.
शाळेमागे पुरलीय,
ती आता कुठेच जाणार नाही."

मांजर ही लोकसंख्या नव्हे, असं मामा म्हणाले.
पण हळू म्हणाले.

पेनाचा शून्य खोडता येत नाही.
मी त्याला खाली एक शेपूट काढलं.
आता तो 9 दिसतो.
तीन प्रती, तीन शेपटं, शिक्का, सही.

विद्यार्थी त्रेसष्ट.
त्यातले दोघे मेमध्ये जाणार,
शम्सुलनं आईला अजून सांगितलेलं नाही,
मला सांगितलंय.
त्याला रकाना नाही.