नू झालों

वही माझ्या हातात, हर्षाली ओट्यावर.
घे माझं, म्हणते.
पाठांतर घ्यायला एवढ्या नंदुरबारात
तिला मीच सापडले, सातवी पास,
दिवसभर पथारीवर मिरचीचे देठ खुडणारी.

वहीत फ्रेंच आहे, पण अक्षरं आपली.
गिरासे सर म्हणाले होते, आधी कानाला येईल तसं लिहा.
वर लाल शाईत : निकट भविष्यकाळ.
म्हणजे काय गं?
म्हणजे लगेच होणारं. उद्या-परवाचं.
लांबचं असलं तर दुसरा काळ आहे,
तो पुढच्या धड्यात.

सोपं आहे म्हणते.
'जाणे' घ्यायचं, ते माणसाप्रमाणे बदलायचं,
मग जे काम करायचं ते तसंच्या तसं मागे ठेवायचं.
मी जाते खाणे. तू जातेस खाणे. ते जातात खाणे.
जाणारा बदलतो, काम बदलत नाही.
हे मला समजलं.
यंदा पथारीवर नवापूरकडच्या बाया आल्यात,
मागल्या साली साक्रीच्या होत्या. देठ तोच.

मी?
ज व्हे.
तू?
त्यू व्हा.
तो?
इल व्हा.
व्हा, व्हा! कोणाला देतेस गं एवढे आशीर्वाद?
हसू नको माय, परीक्षा आहे.
आम्ही?
नू झालों.
तुम्ही?
व्हू झाले.

मी वही मांडीवर ठेवली.
झालो? झाले?
अगं, हा तर होऊन गेलेला काळ.
नाही माय, हा व्हायचा आहे.
तिकडे झालों म्हणजे अजून जायचंय.

पासपोर्ट येऊन फ्रिजवर पडलाय, विजेच्या बिलाखाली.
म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नोकरी,
गावाचं नाव मला अजून नाकातून काढता येत नाही.
शेजारीण विचारते, काय व्हयनं पोरनं?
मी सांगते, व्हई जाई.
हर्षालीला म्हटलं, बघ, अहिराणीतही आहे तुझं ते,
होण्याच्या पाठीला जाणं बांधलेलं.
तिने कोपऱ्यात लिहून घेतलं. सरांना विचारते म्हणाली.

आता नकार विचार.
नकाराचे दोन तुकडे, न आणि पा,
जाण्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक,
पोत्याचे दोन कान धरून गाठ मारतात तसे.
ज न व्हे पा प्लरे. मी रडणार नाही.
पुन्हा म्हण.
चुकलं का?
मला काय कळतंय चुकलं की नाही. पुन्हा म्हण.

बालवाडीत असताना एकदा ती दारातून
'जाते' म्हणून निघाली होती.
दप्तराला धरून मागे ओढलं, घोटभर पाणी पाजलं,
'येस मी' म्हणायला लावलं, मग सोडलं.
तिचे वडील सतरा वर्षं तसंच म्हणून सुरतेला जातात
आणि शनिवारी येतातही,
कपड्यांना सुताचा वास घेऊन.

म्हणून शेवटचं मी वहीबाहेरचं विचारलं.
दारात 'येते' कसं म्हणतात?
तिने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.
ज व्हे रव्हनीर.
म्हणजे?
शब्दाला शब्द लावला तर... मी जाते परत येणे.
दोन्ही? एकाच वाक्यात?
लबाड आहेत तिकडचे, म्हटलं मी. पण बरे आहेत.

मग राहणारीचं सांग.
कोण राहणारी?
सांग तू.
ज व्हे रेस्ते.
त्यातही 'जाते' आहे?
आहे माय. राहायचं असलं तरी
आधी जाते म्हणावं लागतं.

मी ते तिच्या मागे चार वेळा म्हटलं.
चौथ्यांदा ठसका लागला,
पथारीचा, संध्याकाळी लागतोच.
वहीवर, रेस्तेच्या खाली,
माझ्या अंगठ्याचा तांबडा ठसा उठला होता.
पुसायला गेले, तर पसरला.