नववा दिवस

गुरुवारी दोघं एकाच पिकअपमधून आले.
पुढे ड्रायव्हरशेजारी राजलिंगू, जगत्यालचा,
मांडीवर सुतळीनं आवळलेली बॅग.
मागे ओल्या गोणपाटाखाली पेटी,
आत किलोभर माश्या
आणि काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात राणी,
दाराला साखरेचा बोळा.

खल्फान म्हणाला, बरशा, उघडू नकोस.
(माझ्या नावातला प त्याच्या तोंडी कधी आलाच नाही.
बारा वर्षं रुस्ताकमध्ये मी बरशा आहे.)
बोळा त्यांचा त्या खातील. तोवर
राणीचा वास त्यांच्या अंगी मुरेल.
आजच सोडलीस तर परकी म्हणून मारतील.

पेटी सिदराखाली ठेवली.
सिदर म्हणजे आपली बोरच, काटे तेच,
फक्त फुलं लागली की इथले लोक
तिच्याकडे सोन्याच्या दुकानासारखं बघतात.
पायांखाली पाण्याचे डबे, मुंग्यांसाठी.
झाकणावर दगड.

तिसऱ्या दिवशी एकदाच, एवढंच बघायचं:
पिंजरा रिकामा झाला का.
झाला होता. पाक ओतला, झाकण लावलं,
श्वास सोडायच्या आत काम संपलं.
आता नवव्यापर्यंत हात लावायचा नाही.

आणि मी,
गुहागरला आग्याच्या पोळ्याखाली निजलेला माणूस,
सातेरीच्या पोळ्यात उघडा हात घालणारा,
चौथ्या दिवशीच दगडाकडे बघायला लागलो.
खल्फान फलजाच्या काठावर बसून खजूर चोखत होता.
दार वाच, म्हणाला. घर उघडायचं कशाला?
दार वाचलं.
माश्या येत होत्या, मागच्या पायांना
पिवळे गोळे, हळदीच्या बोटांसारखे.
पराग आत जातोय, म्हणजे
आत कुणाला तरी भरवायचं असावं.
असावं. नक्की नाही.

राजलिंगूची खाट माझ्या खाटेशेजारी.
त्याचं झाकण मात्र मी तिसऱ्याच रात्री उचललं.
दिवा मालवल्यावर, मोडक्या हिंदीत:
घरी कोण कोण असतं तुझ्या?
तो भिंतीकडे वळला.
चार दिवस माझ्यासमोर जेवला नाही.
ताट घेऊन पंपाच्या खोलीत जायचा,
मोटारीच्या आवाजात बसायचा.

आठव्या दिवशी वारा सुटला, वाळूचा.
खल्फान म्हणाला, वारा उद्याही असला तर उद्याही नाही.
नववा दिवस पंचांगात नसतो, बरशा,
आकाशात असतो.

नवव्या पहाटे पान हलत नव्हतं.
ऊन डोंगरावरून उतरायच्या आत,
अत्तर न लावता, साबणानं हात धुऊन,
खजुराच्या काथ्याचा धूर, दोनच फुंकर.
मी मधली चौकट उचलली
आणि राणी शोधू लागलो.
शोधू नकोस, खल्फान कुजबुजला.
तिला बघून तुझं समाधान होईल, तिचं नाही.
पहिली तिरीप आली की पाठीवर घे
आणि खोल्यांच्या तळाशी बघ.

बघितलं. काही नाही.
मग चौकट जरा कलती झाली
आणि प्रत्येक खोलीत एक
तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी,
टोकावर उभी.
मोजली नाहीत. मिनिटभरात चौकट जागेवर,
बोटाखाली एकही माशी न चिरडता.
झाकण. दगड.
खल्फाननं पहिल्यांदाच विचारलं, तुझ्याकडे
या कणीला काय म्हणतात?
मला आठवेना.

संध्याकाळी खोलीत आलो.
राजलिंगू पंपावर होता.
त्याची बॅग खाटेखाली, सुतळीची गाठ तशीच.
पण खिडकीच्या फळीवर
माझ्या साबणाशेजारी
एक लाल साबण, ओला.

मी चहा टाकला, दोन कप.
काही विचारलं नाही.
उद्याही वारा नसेल, असं वाटतं.
तरी उद्या नाही.