आखाजीचं सरबत

सावद्यात पारा शेहेचाळीसवर.
भुसावळहून बर्फाची लादी निघाली पोत्यात,
पोचली तेव्हा उशीएवढी.

तापीच्या वाळूतली तीन कलिंगडं,
खरबुजाचा गर, लिंबं, मूठभर पुदिना,
सगळं मंडपवाल्याच्या पातेल्यात.
केळं नको, नाना म्हणाले, काळं पडतं.
केळीच्या गावात केळ्यालाच मज्जाव!

जावाजावांचा संक्रांतीपासून अबोला.
रत्नप्रभानं मीठ टाकलं,
झोक्यावरच्या पोरींना हाक मारायला गेली.
मग यमुनानंही टाकलं.

पहिला घोट व्याह्यांनी घेतला
आणि ग्लासाकडे नुसतं पाहत राहिले.

"तुमीबी टाकलं का वं?"
साडेतीन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

चौथं कलिंगड दोघींनी फोडलं,
एकीनं धरलं, एकीनं सुरी चालवली.
बर्फ तेवढा संपला होता.
कोणी विचारला नाही.