तिसरा प्लग

दोन सिलिंडरवर खोकत आली ओम्नी
भिलवडी नाक्यावरून,
पोटात बेदाण्याचे बॉक्स.
जिन्नाप्पा मगदूम उतरले, टोपीनं वारा घेतला.
"दोन बदलल्यात. तिसरा कुनाला निघंना.
पलूसचा म्हनला राहू दे, इस्लामपूरचा म्हनला राहू दे.
आता तू पन म्हन."

ड्रायव्हरचं सीट उचललं.
खाली वाफ, जळक्या ऑइलचा वास,
फटीत पडून काळे ठिक्कर झालेले बेदाणे,
कुठल्या सालच्या सौद्याचे कोण जाणे.
हात आत घातला, डोळे वर छताच्या पत्र्याकडे.
हे काम बघून होत नाही.
आणि मधल्या बोटाचं हाड
टेकलं बरोब्बर एका कडेवर,
तीळभर वाकलेल्या.

हात तसाच राहिला आत.
त्या कडेला माझं बोट माहीत होतं.

अकरा वर्षं झाली.
मी पंधराचा, गणितात उडालेला,
बाह्या वरपर्यंत दुमडलेल्या,
नसलेले दंड दिसावेत म्हणून.
शुक्रवार होता. दस्तगीरचाचा नमाजला निघाले,
दारातून म्हणाले, प्लग हातानं फिरव.
हात थांबला की पान्यानं पाव फेरा. पाव.
आणि आट्यांना ग्रॅफाइट,
भाकरीला तेलाचं बोट पुसतात तेवढंच.

ग्रॅफाइट मी विसरलो.
पाव मला पुरलं नाही.
पान्याला पाइप घातला, पाय दाराच्या पट्टीला,
आणि निकालाचा कागद, बापाचं न बोलणं,
शेजारच्या बेंचवरचा पास झालेला शीतल उपाध्ये,
सगळं त्या आट्यात घालून आवळलं.
पाना सटकला. रक्त आलं. बरं वाटलं.
चाचा आले, बोटाकडे बघितलं.
"बसला का?"
"बसला."

बसला तो बसलाच.

इंजिन कोमट केलं.
डिझेल आणि रॉकेल अर्धं अर्धं, सिरिंजनं, थेंब थेंब.
पाना लावून मी नुसता टेकून राहिलो
तेव्हा तौफिकला वाटलं, भैया झोपला.
"उलटा फिरवा की."
उलटा नाही रे. आधी सुलटा, केसभर.
त्याला वाटलं पाहिजे की अजून आवळतोय कुणीतरी.
मग सोडायचं, केसभर.
मग तेल. मग चहा.
मगदूम तीनदा आले,
तीनदा मनगटावरचं घड्याळ मला दाखवून गेले.

ॲल्युमिनिअम ओरडत नाही.
पोत्यात उंदीर शिरावा तसं कुरकुरतं.
त्यातही दोन आवाज.
एक आट्याचा.
दुसरा मोडायच्या आधीचा,
तो कानाला नाही, कोपराला येतो.
आला की मागं.
परत सुलटा. परत तेल.
पलीकडे ते पंधराचं पोरगं
पाइप लावून उभं, दमायचं नाव नाही.
मी इकडं दोन बोटांनी.
सोड की रं आता, म्हणालो.
तौफिकनं इकडं तिकडं बघितलं.

दिवेलागणीला
पान्याचं वजनच गेलं.
प्लग आला तो आट्यांत रुपेरी भुगा घेऊन,
हेडचा थोडा जीव घेऊन.
टॅप फिरवला, करंगळी घालून मोजलं.
पुरतील.
नवा प्लग ग्रॅफाइट लावून हातानं बसवला.
हात थांबला.
पाव.
दंडाला अजून थोडं पाहिजे होतं.
दिलं नाही.

गाडी तीन पायांवर उभी राहून घुमू लागली.
"किती?"
"प्लगचे दीडशे."
"आन् दिवसभराची मजुरी?"
"ऱ्हाऊ दे."

मगदूमांचा नोटा मोजणारा अंगठा थांबला.
त्यांनी इंजिन बंद केलं,
सीट स्वतःच उचललं,
मोबाइलची बॅटरी लावून आत वाकले.
बराच वेळ वाकले.
"खरं सांग," म्हणाले, "आत काय मोडलंस?"