कूलरमधलं पन्हं

मे महिना. मानेवाड्यात दुपारी दोनला
कुत्रीसुद्धा रस्ता सोडून नालीत बसलेली.
मी जरा पडले होते,
पाच मिनिटं म्हणून.

जाग आली ती वासानं.
वाळ्याचा नव्हे. उकडलेली कैरी, वेलची, गूळ.
उशी चिकट, कपाळ चिकट,
भिंतीवरून मुंग्यांची वरात निघालेली कूलरकडे.

फ्रिजमधली बरणी रिकामी.
"मी फक्त झाकण उघडलं," अर्हत म्हणाला.
"मी फक्त स्टूल धरला," संघमित्रा.
मग दोघांनी बोधीकडे पाहिलं.
त्याला अजून नीट बोलता येत नाही,
म्हणून घरातले सगळे गुन्हे त्याच्याच खात्यावर.

"अवं आई, सगळ्यांले सारखं भेटलं पाह्यजे ना!
ग्लासातलं हा सांडून टाकते.
म्हणून हवेतच टाकलं."

हात उचलला होता मी, खरं सांगते.
पण बोधी कूलरच्या जाळीपुढे
उघडानागडा, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून
वारा चाटून राहिला होता.

टाकी तीनदा धुतली, फरशी चारदा.
ताट्यांत मुरलेलं काही निघेना.
यांना फोन केला, तर हसतच सुटले.
म्हटलं, येताना मुंग्यांची पावडर आणा
आणि दात आत घ्या.

रात्री तिघं आडवीतिडवी पसरली,
अर्हतचा पाय संघमित्राच्या तोंडावर.
दिवा मालवला,
कूलरपुढे उभी राहिले,
यांच्या घोरण्याची खात्री केली
आणि हळूच जीभ बाहेर काढली.

मीठ जरा कमी पडलं होतं.