मूळ मापाचे

हिंगणघाटच्या जिनिंगमागं,
रुईची भुरभूर सगळ्यावर बसते तिथं,
डोमाजी टेकाम टायरला नख रुतवून पाहतो.
"हा मऊ हाय. रस्ता धरते.
पण मडगार्ड कापा लागन."

कापायचं नाही.
बहात्तरची ट्रायम्फ,
जशी बोटीतून उतरली तशीच पळवायची,
हा शर्यतीचा नियम, आणि माझाही.
गिअरच्या गोट्यावर
माझ्याआधीच्या कुणाच्या तळव्याची झीज आहे.

गुळगुळीत टायर भिंतीला टेकून बसलेत
तेल लावलेल्या पहिलवानांसारखे.
त्यांच्यावर पाव मैल मारता येईल,
घरी येता येणार नाही:
वणेच्या पुलावर नुसतं दव पुरे.

डोमाजीच्या बापानं शंकरपटात
जोड्या हाकलेल्या.
"पटाच्या तोंडावर खुरं तासत नोयते, भाऊ.
जनावरानं माती वयखली पायजे."

शेवटी नक्षीवालेच घेतले,
रबर जरा मऊ, माप मूळचं.
मागच्या दोन्हींची हवा सोडली.
किती?
त्यानं अंगठा दाबला,
फुसफुशीला कान दिला,
"बस," म्हणाला, अन् खर्रा थुंकला.

मी गेज लावून पाहिलं नाही.