दोन खाने

अर्जात दोनच खाने होते :
तुम्हाला कामातून ओळखणाऱ्या दोन व्यक्ती.
खाली बारीक अक्षरात, नातेवाईक चालणार नाहीत.
म्हणजे अर्धी कोरची बाद.

प्राचार्य डोंगरवार म्हणाले,
तूच लिहून आण, मी सही ठोकतो.
त्या रात्री मी माझ्याबद्दल
नेतृत्व लिहिलं, दूरदृष्टी लिहिलं,
सर्वांगीण दोनदा लिहून दोनदा खोडलं.
वाचून पाहिलं तर ती मुलगी
कुठल्याशा सत्काराच्या हारामागे बसलेली,
तोंडच दिसेना तिचं.

जिल्ह्याला प्रमाणपत्र देणारे ते साहेब?
फोटोत ते कॅमेऱ्याकडे पाहतात
आणि मी त्यांच्या घड्याळाकडे.

शेवटी गोंदियाच्या रहमतभाईंना फोन केला.
पानाच्या भावावरून तीन उन्हाळे भांडलोय आम्ही,
गोणीमागे चाळीस रुपयांसाठी एकदा
त्यांनी चहा तसाच टाकून जीप चालू केली होती.
म्हणाले, तुझ्यापायी माझा बोनस गेला, पोरी.
लिहितो. तेच लिहितो.

एक खाना भरला.
दुसरा नऊ दिवस उघडा.

पाण्याच्या टाकीखाली दोन कांड्या रेंज येते,
तिथं उभी राहून प्रश्न वाचला :
अर्जदाराला तुम्ही सुनावलेली सर्वांत कठोर गोष्ट कोणती?
तिनं ती कशी घेतली?

सनकोबाई हलामी.
तेंदू समितीची अध्यक्ष.
सहीच्या जागी डावा अंगठा. ईमेल नाही.

दुसऱ्या हंगामात माझ्या वहीची एक ओळ
खाली सरकली होती.
याची पुडकी त्याच्या नावावर,
त्याचे पैसे तिसऱ्याच्या. अकरा घरं.
सत्तर पानं झाली की बायांच्या बोटांना
न मोजता कळतं,
माझ्याकडे तर कॅल्क्युलेटर होता.
तिनं मला सभेत उभं केलं,
वही पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लावली.
दुपार होती. मधे कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग म्हणाली, आता घरोघरी जा.
पैसे मागून येतीन. आदी तू तोंड घेऊन जा.

सातव्या घरी मला पेज मिळाली.
आठव्या घरचं दार उघडलं नाही.

तर तिच्याकडे गेले. ती टोपली विणत होती.
बिझनेस म्हनजे धंदाच ना? त्याची शाळा अस्ते?
असते.
अन् मी चांगलं सांगितलं, त तू जाशील.
हो.
अन् वाईट सांगितलं, त राहशील.
मी काही बोलले नाही.
तिनं बांबूची कामटी दातात धरली,
बराच वेळ तशीच धरून ठेवली.

कुमरे गुरुजींनी शाळेत लॅपटॉप उघडला.
नियम असा की अर्जदारानं मजकूर पाहू नये,
म्हणून मी बाहेर, ओट्यावर,
पोषण आहाराच्या रिकाम्या पिंपाशेजारी.
आतून गुरुजी वाचत होते :
शंभरात ही कितवी? पहिली, पाचांतली, दहांतली?
शंभर मुन्शीनी होत्या कुठं, गुरुजी? येकच होती.
तरी एक निवडावं लागतं, बाई.
शांतता. एकच कळ वाजली.
कुठली, माहीत नाही.

मग पुढचा प्रश्न आला, कठोर गोष्टीचा,
आणि ती गोंडीत सुरू झाली, भराभर,
मराठीत मावत नव्हतं बहुतेक.
गुरुजी मधून मधून थांब म्हणायचे,
ती थांबायची नाही.
मला गोंडी येते ती हिशेबापुरती.
आकडे तेवढे भिंतीतून कळले.
अकरा.
मग आवाज जरा खाली आणून, मुंद.
तीन.

आठव्या घरी मी तीनदा गेले होते,
तिसऱ्यांदा तर अंधार पडल्यावर, गल्लीत कुणी नसताना.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.